आई ड्राइव्हवेवर राहते

रविवार, २ ऑगस्ट १९८७

ठरलं! योसेमिटीला जायचं. आरव्हीने, म्हणजे शेगडी-संडासासकट चाकांवरच्या घराने! आणि आरव्ही मी आणायची, कारण मी आरव्हीच्या यार्डात कामाला. म्हणजे गाड्या धुवायला. पण दादा फ्रीमाँटभर सांगत सुटतो, "आमचा श्रीरंग त्या लाइनमध्ये आहे."

तेरा तारखेला, गुरुवारी निघायचं. दादाने जेवणाच्या टेबलावर नकाशा पसरला. वहिनीने त्याच्यावरच आमटीचं भांडं ठेवलं, मग अर्धा तास त्यावरून वाद. आई खिडकीशी घेवडा निवडत बसली होती. तुला डोंगर बघायचाय का, असं तिला कुणी विचारलं नाही. मीसुद्धा नाही.

खरं तर डोंगराचं निमित्त आहे. आई मार्चमध्ये आली, परतीचं तिकीट या महिनाअखेरीचं. दादाला ते कॅन्सल करायचंय. तिचं ग्रीन कार्ड करायचं आणि कायमचं इथेच ठेवून घ्यायचं. बाबा गेल्यावर सांगलीत ती एकटी काय करणार, म्हणतो. आणि जायचंच म्हणाली तर सोबत मी जायचं. "तुझं इथे काय अडलंय?"

काय अडलंय? ह्यूस्टनला मोटेल केलं, फिनिक्सला पेट्रोल पंप केला, आता दादाच्या सोफ्यावर. त्याआधी कॉलेज अर्धवट. "एका जागी बूड टेकत नाही. कुणावर गेलाय कोण जाणे!" दादाचं पेटंट वाक्य. बाबांचंही होतं.

आईला विचारायचं कसं? तर वर डोंगरात पोचलो, छान दृश्य बिश्य असलं, की विषय काढायचा. कुणी काढायचा ते ठरलं नाही.

मंगळवार, ४

यार्डाचा मालक डेल म्हणाला, तिकडे अस्वलं गाड्यांची दारं उघडून खातात. टूथपेस्टसुद्धा! मी हे घरी सांगितलं. सांगायला नको होतं.

"मग लोणचं न्यायचं नाही," दादा म्हणाला.

"हिंगपण नको. वास जातो," वहिनी.

आई पहिल्यांदा बोलली. "अस्वलासाठी मी अळणी जेवू?"

अस्वलाला मेतकूट आवडतं का, हे बघायला लायब्ररीत गेलो. देवमाशांचं पुस्तक सापडलं. देवमासा दर वर्षी हजारो मैल जातो आणि परत येतो. त्याला कुणी विचारत नाही काय अडलंय म्हणून! लायब्ररी बंद झाली तेव्हा उठलो. अस्वलाचं राहिलंच.

गुरुवार, ६

दादा म्हणतो विषय तू काढ, तू लाडका. वहिनी म्हणते थोरल्या मुलाने काढावा. मी म्हटलं, वहिनी, तुम्हीच काढा. ती हसली. म्हणाली, "भावजी, आमटीत मीठ कमी पडलंय हेसुद्धा त्या मला सांगत नाहीत." हसली, पण तशी नाही.

मला काहीच कळत नाही. आई राहिली तर मी सुटलो. पण सुटून जायचं कुठे?

शनिवार, ८

डेलने गाडी आजच दिली. जुनी आहे, रंग उडालाय, भाड्याने कुणी नेत नाही. म्हणाला उभीच असते, ने. आणून ड्राइव्हवेवर लावली, गॅरेजच्या तोंडाशी. निम्मी फुटपाथवर!

आई बघायला आत आली. एक दार उघडलं. पटकन लावलं.

"संडासाला लागून शेगडी! मी ह्यात पाणी पिणार नाही."

"झालं! गेलं सगळं प्लॅनिंग," वहिनी बाहेरून म्हणाली. तिला वाटलं ऐकू येत नाही.

आई उतरायला निघाली आणि थांबली. "रंगा, ही पेटते का रे?"

मी सिलिंडर उघडला, काडी ओढली. निळी आच आली. आई बघतच राहिली. मग हात धरला वर, थंडीत धरतात तसा. ऑगस्टात!

"आच दिसते की हिची."

घरात विजेची शेगडी आहे. नुसती तार लाल होते. एप्रिलमध्ये आईने तिच्यावर फोडणी केली आणि धुराची घंटा कोकलायला लागली. शेजारी नाइट गाउनवर बाहेर! मी तेव्हा फिनिक्सला होतो, वहिनीने हसत हसत फोनवर सांगितलं होतं. मीही हसलो होतो. त्यानंतर आईने फोडणी केली नाही म्हणे. मग आमटीवर काय असतं रोज? मी खातो तर दोन वेळा!

रविवार, ९, नारळी पौर्णिमा

सकाळी आई घरात नाही! वहिनी बाथरूमपाशी हाका मारतेय, दादा चपला शोधतोय. मी खिडकीतून बघितलं. आरव्हीच्या छताची झडप उघडी, आणि वाफ!

आत लादी पुसलेली. संडासाच्या दारावर जुन्या लुगड्याचा पडदा. तोंडात पदराचं टोक धरून आई नारळीभात ढवळतेय. लवंगांचा वास अख्ख्या गल्लीत.

वहिनी दाराशी उभी राहिली. "आई, मी काही करू?"

"तू बस. आज मी वाढते."

दादाची रुपाली, आठ वर्षांची, बाहेर जाऊन समोरच्या पोरीला ओरडून सांगते, "माय आजी लिव्ह्ज इन द ड्राइव्हवे!" दादाने कपाळाला हात लावला.

भात - काय सांगू! मी तीनदा घेतला.

नंतर भांडी पुसताना वहिनी एकदम म्हणाली, "मार्चपासून मला एकदाही बस म्हणाल्या नव्हत्या." मी म्हटलं, तुमच्या घरात तुम्हाला बस कसं म्हणणार? - असंच तोंडातून गेलं. ती तीच ताटली पुसत राहिली.

सोमवार, १०

आई रात्री तिथेच झोपली. ऑफिसला निघताना दादाने टायसकट आरव्हीचं दार वाजवलं.

"आई, आत ये ना. लोक काय म्हणतील?"

"लोक गुड मॉर्निंग म्हणतात," आई आतून म्हणाली.

मंगळवार, ११

काचेवर चिठ्ठी! आमच्या टाउनहाउसच्या असोसिएशनची, म्हणजे सोसायटीची. अशी वाहनं इथे उभी ठेवता येत नाहीत, उद्यापर्यंत हलवा. दादा पांढरा पडला. गुरुवारपर्यंत गाडी यार्डात ठेवायची, असं ठरलं. आईला कुणी सांगायचं? सगळे माझ्याकडे बघायला लागले.

मी गेलो. ती मोहरी निवडत होती. सांगितलं. म्हणाली, "मग ने की. मी बसते आतच."

पुढच्या सीटवर मांडी घालून बसली. पट्टा लावताना लुगडं अडकलं, त्यावर दोघं हसलो. मिशन बुलेव्हार्डने निघालो. उजवीकडे त्या वाळून पिवळ्या झालेल्या टेकड्या. घरी आई दुपारभर हात मांडीवर ठेवून बसते - इथे मान सारखी इकडून तिकडे! पाट्या मोठ्याने वाचत होती, अक्षर अक्षर लावून. मी म्हटलं हिला घराची आठवण येत असेल. विचारलं तर म्हणाली, "कुठल्या?"

यार्डाचं वळण आलं. मी इंडिकेटर दिला.

"इथे का वळतोस? रस्ता तर पुढे जातोय."

मागचा हॉर्न द्यायला लागला. मी सरळ गेलो.

पुढे एक तलाव लागला, त्याच्या पार्किंगमध्ये चहा केला. आलं किसून. गाडी यार्डात लावायला संध्याकाळ झाली. दादाने विचारलं एवढा वेळ कुठे? ट्रॅफिक म्हटलं. मग मीच विचारायचं ठरवलं. डोंगर गेला खड्ड्यात! पण आई वर जाऊन झोपली होती.

बुधवार, १२

विचारलं. स्वयंपाकघरात, त्या लाल तारेसमोर. आई, सांगलीला जायचंय की इथे राहायचंय?

तिने शेगडी बंद केली.

"तुझे बाबा दर उन्हाळ्यात म्हणायचे, पुढच्या वर्षी जाऊ कुठेतरी. - ते तिकीट पुढे ढकलता येतं ना रे?"

येतं म्हटलं.

"आणि तुमचं ते योसेमिटी झालं, की त्याच्यापुढे काय आहे?"

नेवाडा. वाळवंट.

"त्याच्यापुढे?"

मी नकाशा आणायला पळालो.

कुणावर गेलाय कोण जाणे, म्हणे!