‘आलोच’ म्हणून गेलेल्याची वाटणी

मी, लाँड्रीवाली, सही म्हणून डावा अंगठा देणारी, राजीखुशीने हे मृत्युपत्र सांगून लिहवीत आहे. डोकं ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण कायद्याला गुडघे लागत नाहीत असं वकीलबाई म्हणतात.

१. पुढचं दुकान आणि मागच्या दोन खोल्या माझ्या कष्टाच्या आहेत. नवऱ्याचा त्यात खिळाही नाही. त्या लेकीला द्याव्यात. ‘आई, तो माणूस तुझ्यासाठी नाही, छपरासाठी परत आलाय,’ असं ती गेली दोन वर्षं मला ऐकवते. तिचं छप्पर तिला मिळालं. आता तोंड मिटावं.

२. जड इस्त्री आणि टेबल नातीला. कॉलेज शिकूनही ती कॉलर आधी करते, बाही नंतर. पोरगी वाया गेलेली नाही.

३. थोरल्या दिरांना त्यांचाच कोट. ‘बाईच्या जिभेला कंटाळून आमचा भाऊ गेला,’ असं त्यांनी गल्लीभर सांगितलं आणि त्याच आठवड्यात कोट धुवायला टाकला. न्यायला काही आले नाहीत. कोट जपून ठेवला आहे, डागासकट. डाग निघण्यासारखा होता.

४. सदर इसम. (मी दुसरा शब्द सांगितला होता, तो कागदावर चालत नाही म्हणे.) हा माझा काडीमोड झालेला नवरा. लेक रांगत होती तेव्हा ‘आलोच’ म्हणून दाराबाहेर पडला. आला तेव्हा नात कॉलेजात होती. गल्ली त्याला ‘आलोच’ म्हणूनच ओळखते, आणि ते नाव मी ठेवलेलं नाही, फक्त पसरवलं. पूर्वी अहो म्हणायचे, आता अरे म्हणते. कागदोपत्री आम्ही कुणाचे कोण?

मोठ्या चादरीची घडी दोघांनी घालायची असते. हा गेल्यावर मी एक टोक दाराच्या कडीत अडकवून घडी घालायला शिकले. आता दुसरं टोक तो धरतो. नीट धरतो, ओढत नाही, आणि घडी घालत जवळ आला की टोक लगेच सोडत नाही. हे लिहू नका म्हटलं होतं. वकीलबाईंनी लिहिलं.

तर माझ्यामागे मागची लहान खोली मरेपर्यंत त्याची. लेकीने काढू नये. अट एकच : रोज एक चादर त्याने कडीत टोक अडकवून एकट्याने घडी घालावी. कोणीही मदतीला जाऊ नये. कसं वाटतं ते कळू दे.

५. सदर इसम ‘परत लग्न करू या’ म्हणतो. मी म्हणते, ‘पहिलं कुठं ठेवलंस ते आधी शोधून आण.’ हा विषय इथे संपला.

साक्षीदारांबाबत : पहिली साक्षीदार शेजारची बेकरीवाली. दुसरे डॉक्टर येणार होते, ते आले नाहीत. बाहेर बाकावर बसून सगळं ऐकणारा सदर इसम आत आला आणि म्हणाला, “मी करतो सही.”

वकीलबाई म्हणाल्या, “आजोबा, साक्षीदाराला मृत्युपत्रातलं काही मिळत नाही. खोली जाईल तुमची.”

“समजलं. कुठं करू?”

मी म्हटलं, “विचार कर. मी मेले की रस्त्यावर येशील.”

“रस्ता माझ्या ओळखीचा आहे,” तो म्हणाला. “तू आहेस तोवर आत राहू दे, बास.”

लेक समोरच बसली होती. तिने पदराशी चाळा केला, मग स्वतःचं पेन काढून त्याच्यापुढे धरलं. “घ्या, बाबा,” म्हणाली. हा शब्द या घरात मी प्रथमच ऐकला.

६. वकीलबाईंना हे कलम वाढवायला लावलं : मी लग्न केल्यास हे मृत्युपत्र आपोआप रद्द समजावे.

लेक म्हणाली, “अगं, मग आत्ता अंगठा कशाला देतेस?”

लग्नाची तारीख ठरेपर्यंत धाक राहावा म्हणून.

वरील मजकूर मला दोनदा वाचून दाखवला. दुसऱ्यांदा वाचताना वकीलबाईंचा आवाज चिरकला, तरी मजकूर तोच होता. मान्य.

डाव्या अंगठ्याचा ठसा : लाँड्रीवाली

साक्षीदार :
१. शेजारीण, बेकरीवाली (सही)
२. सदर इसम (सही)

ठिकाण : दुकानामागची खोली
वार : सोमवार, दुकान बंद