गोफणीची दुसरी चावी

श्रुतिका,

तुझा फोन लागत नाही, वर्गात असशील. ललितला वापीच्या दवाखान्यात नेलंय, गौरव सोबत आहे. मीही बाईकने तलासरीमार्गे तिकडेच निघतोय. आईंना एवढंच सांग, की खांद्याला लागलंय. डोक्याचं मी येऊन सांगेन.

सरावलीच्या वाडीत आमची ती किल्ले फोडायच्या यंत्रासारखी मोठी लाकडी गोफण सुटली, तेव्हा तुझा भाऊ पुढे झाडांत फेकलेले नारळ गोळा करत होता. पुढे जाणाऱ्याने गोफणीची चावी खिशात घालूनच जायचं, हा नियम त्याचाच; चावीशिवाय तिचा खटका सुटतच नाही. आजही ती त्याच्या खिशातच होती, म्हणून त्याने मागे वळूनसुद्धा बघितलं नाही.

गौरव तेव्हा विहिरीवर होता. तो म्हणतो, लाकडाला तडा गेला असेल, आपोआप सुटली. मी नुसती मान हलवली.

ललित चावी विसरून घरी न्यायचा, म्हणून मागच्या महिन्यात मसोलीच्या लोहाराकडून मी दुसरी करून घेतली. कुणाला बोललो नाही. आज मला वाटलं, ललितही विहिरीवर गेलाय.

ती चावी तांदळाच्या डब्यात ठेवलीय. मी उद्या कितीही गयावया केली, तरी टाकू नकोस.

हेमंत