तुमच्यासाठी थांबणारी माणसं

बाबूजी, मला तुमचा हेवा वाटतो. तुम्ही होता तेव्हा कधी वाटला नाही. धानाच्या दोन बांध्या आणि जन्मापासूनचं तोतरेपण, यात हेवा करण्यासारखं होतं तरी काय? आता ते तोतरेपण मलाही आलंय, पन्नाशीत, मेंदूतली एक बारीक नस अडल्यावर. डॉक्टर म्हणतात, याचा वारशाशी संबंध नाही. मला मात्र वाटतं, वाटणीत भावंडांनी हक्क न सांगितलेला हा एकच हिस्सा असावा.

तलावाच्या पाण्याची पाळी ठरवायला गाव बसायचं. तुम्ही उभे राहता आणि ‘पाणी’तल्या ‘प’वर अडता. मी बाजूला, मान खाली घालून. पण तोंडात तंबाखूचा खर्रा धरून सगळे गप्प. एकदा कोणी तरी शब्द पुरवला, तर म्हातारे पाटील त्याच्यावर खेकसले, “तुले कायची घाई हाय बे? त्याचं त्याले बोलू दे!” घरी आईही तशीच. तुमचं वाक्य पुरं होईस्तोवर तिच्या हातातला भाताचा चमचा हवेतच.

माझी बायको प्रेमळ आहे, म्हणून थांबत नाही. परवा मला ‘वांगं नको’ म्हणायचं होतं. मी “वां... वां...” करतोय, तोवर ती, “वांगं पाहिजे? मंग घ्या ना, लाजता काहून?” वाढलं. खाल्लं.

यंदाही दिवाळीनंतर आपल्या करडी गावच्या मंडईच्या जत्रेत, रात्रीच्या दंडारीचं नाटक सुरू होण्याआधी माझं विनोदी भाषण होतं. आजाराचं कोणाला सांगितलं नव्हतं. पहिल्याच वाक्यात ‘मंत्री’वर अडलो. “मं... मं...” मांडवाला वाटलं, मी मंत्र्याची नक्कल करतोय. “वा भाऊ! काय नक्कल करून राहिले!” खरंच अडलंय, हे सांगायला हात वर केला, तर तो हातही नकलेत जमा झाला. धडधाकट जिभेनं आयुष्यभर पुढाऱ्यांची सालटी काढली, पण इतक्या टाळ्या कधी मिळाल्या नाहीत. उतरताना मंडळवाले म्हणाले, “पुढच्या साली हेच आयटम ठेवा.” गाव तेच, बाबूजी. तुमच्यासाठी खर्रा न थुंकता बसणारं.

बायको म्हणते, खरं काय ते सांगून टाका त्यांना. सांगेनही. पण एक गोष्ट तिलाही सांगितली नाही, आणि हा कागद कुठे जायचा नाही म्हणूनच लिहितो. शेवटी आभार मानताना माझी जीभ मोकळी झाली होती. ‘गावकरी’ हा शब्द सरळ ओठांवर आला होता. मीच तो अडवून धरला. म्हटलं बघू, तुमच्यासाठी थांबायचे तसे थांबतात का.

शिट्ट्या वाजल्या.