मांडीला टेकलेला गोटा

प्रिय शिवाप्पा,

सत्तावीस वर्षांनी लिहिताना प्रथम या अक्षराबद्दल क्षमा मागतो. माझे अक्षर असे नसते, हे तू जाणतोस. उजव्या हाताची दोन बोटे सुजली आहेत. कारण सांगतो, हसू नकोस.

ज्या गोट्यावरून आपले बोलणे तुटले, तो चिंताकीच्या मारुतीपुढचा गोटा बावन्नाव्या वर्षी पुन्हा उचलायचे मी ठरवले. पदार्थविज्ञान शिकवणाऱ्याने हे काम शास्त्रशुद्धच करावयास हवे, म्हणून प्रथम तो आडतीवरील काट्यावर तोलवला. गाव ज्याला पिढ्यानपिढ्या क्विंटल म्हणते, तो सत्त्याऐंशी किलो भरला. गावाने काट्यालाच खोटे ठरवले. पुढे तीन महिने मैलूरच्या व्यायामशाळेत, माझ्याच विद्यार्थ्यांदेखत, घाम गाळला. पावलांतील अंतर, श्वास, पाठीचा कोन, सारे वहीत आखले. माझी पत्नी मंगल पाठीला बाम चोळताना रोज विचारी, “कामून कंबर मोडून घ्यायलाव? गोटा तुम्हाला काय बोललाय?”

जत्रेच्या दिवशी पट्टा आवळून मी गोट्याला मिठी घातली आणि तो साबणासारखा निसटून बोटांवर आला. तुझ्या कमलअक्काने पहाटेच त्याला पावशेर तेल चोळून ठेवले होते. “येवढ्या वर्षांनी उचलायलास, देवाच्या गोट्याला तेल न्हाई लावायचं व्हय?” ही भक्ती होती की भावावरची, म्हणजे तुझ्यावरची, माया, हे विचारण्याचे धैर्य मला झाले नाही.

राख चोळून, पुसून पुन्हा वाकलो. गोटा गुडघ्यापर्यंत आला आणि थांबला. वहीत या जागेची नोंदच नव्हती. शेवटी तो मांडीवर घेतला, मग पोटावर (वयाने तेथे बरी फळी करून दिली आहे), मग खांद्यावर. हलगी कडाडली. म्हातारे पंच रेवणसिद्धप्पा फेटा घेऊन आले. मी म्हणालो, मांडीला टेकला, बाद धरा.

“सर, मांडीबिगर गोटा चढतोय व्हय? समदे तसंच उचलत्यात. तुम्हीबी त्या साली तसंच उचलला होता.”

मग तेव्हा बोलला का नाहीत, असे मी विचारले.

“तुम्ही शिकलेले. आम्हाला वाटलं, शिकलेल्या मांडीला नेम येगळा असंल.”

शिवाप्पा, त्या साली तुझा गोटा मांडीला टेकला असे ओरडून मीच तो बाद करवला आणि तुझ्या डोक्यावरचा फेटा स्वतःच्या डोक्यावर चढवून घेतला. तू अफजलपूरला उसाच्या कामावर निघून गेलास, तो जत्रेला पुन्हा आलाच नाहीस. तुझी मांडी मला लांबून दिसली. स्वतःची पाहायला मान खाली घालावी लागली असती. ती आज घालतो. त्या सालचा तो फेटा सोबत पाठवला आहे. घड्या नीट घातल्या आहेत, विस्कटू नकोस. नाही, विस्कट. तो बांधून पुढच्या जत्रेला ये. मांडीवर हवा तितका वेळ गोटा टेकव. अक्काचे तेल मी पुसून ठेवीन.

तुझाच, उशिरा वाकलेला,
अनिलकुमार