संख्याशास्त्र सक्तीचं आहे

धाकटे,

तोंड दाखवायची हिंमत नाही, म्हणून तू उठायच्या आत निघतेय. डबा ओट्यावर आहे.

जीवशास्त्राच्या पदवीला संख्याशास्त्र घेतलं नाही तरी चालतं, असं मी तुला सांगितलं होतं. ते खोटं होतं. तो पेपर सक्तीचा आहे. मी त्यातच दोनदा नापास झालेय. तू माझ्याआधी पदवीधर होणार, हे आई आत्तापासूनच फोन करकरून सगळ्यांना सांगत सुटलीये. माझा नुसता जळफळाट झाला गं.

नाव नोंदवायची मुदत आज पाचपर्यंतच आहे. फॉर्म भरून तुझ्या जर्नलमध्ये ठेवलाय, फक्त सही कर.

आता आपण एकाच वर्गात बसणार. तिथे मला ताई म्हणू नकोस.

ताई