चौथं भोक

गुरुवार, संध्याकाळ

पिकअपच्या चाकांवरच्या कमानींना आतून बसणारे, चिखल-पाणी अडवणारे चार लायनर, त्यांचे पुठ्ठ्याचे साचे, भोकं पाडायचा पंचसुद्धा. सगळं माझ्या हातचं. शिकवलं कुणी नाही.

पुढच्या डाव्या लायनरचं चौथं भोक गाडीच्या मूळ भोकाशी जुळेना, म्हणून तीन साचे फाडले; चौथ्याला जुळलं. आज शिवाजीनगरचा गाड्यांच्या सामानाचा कानडी दुकानदार मंजुनाथ बघायला आला, तर हसला.

"अण्णा, स्वल्प इकडेतिकडे झालं तर गाडीच्या पत्र्यात नवं भोक मारायचं. आत कोण बघतंय?"

"पाणी बघतं. तिथूनच गंज धरतो. आणि तुमच्या कानडीत स्वल्प म्हणजे थोडं; आमच्या मराठीत स्वल्प विरामाला लावतात, मापाला नाही."

"शाळा कितवीपर्यंत झाली, अण्णा?"

"नववी. आता स्टिअरिंग पूर्ण फिरव आणि टायर कुठं घासतंय ते दाखव."

त्यानं दोन्हीकडे फिरवलं. कुठंच घासलं नाही. मग सूर बदलला, भाव बोलू लागला.

जास्तच ताठ वागलो का? असेन. पण ते चौथं भोक माझं आहे.

त्याचा शेवटचा भाव असा: चारही साचे त्याचे, पत्र्यात भोकं मारायची मुभाही त्याची, रोख साठ हजार. नाही म्हणालो.