ताईच्या हातांवरचं कोड

४ ऑगस्ट
रजा टाकून हळर्णला, ताईच्या गावी. ताईला घेऊन पणजीत त्वचेच्या डॉक्टरीणबाईंकडे. कोडच. दोन्ही मनगटं, बोटांची टोकं. लागट नाही, शिवल्याने पसरत नाही, हे त्यांनी दोनदा सांगितलं. परतताना ताई एवढंच म्हणाली, "गो शोभा, दोन घरांनी माका नको म्हणान सांगलां." तीस वर्षं गावातली तान्ही बाळं न्हाऊ घालते ती. माझी अनघासुद्धा तिच्याच पायांवर न्हाली.

११ ऑगस्ट
बारावीला हेच शिकवते मी, पण ताईला सांगताना अडखळले. म्हटलं, अंगातले राखणदार चुकलेत. रंग तयार करणाऱ्या आपल्याच पेशी मारतायत. मारताना इंटरफेरॉन नावाचं प्रथिन सोडतात. तो सांगावा मिळाला की कातडीच आणखी राखणदारांना बोलावून घेते. डॉक्टरीणबाईंनी दिलेलं मलम तो सांगावा अडवतं.
ताई : "आणि त्यांका कोणी सांगलां, ह्या पेशी परक्या म्हणान?"


२ डिसें.
मनगटावर केसांच्या मुळाशी तपकिरी ठिपके. रंग परततोय! बोटांची टोकं मात्र तशीच. रंगाच्या नव्या पेशी केसांच्या मुळांतून येतात; तिथे केसच नाहीत, मग रंग यायचा कुठून. हे तिला सांगितलं नाही. उन्हात हात धरून बसली होती, किती दिवसांनी हसली.

१९ जाने.
अनघाला मुलगा. दोघं सुखरूप. उद्या डिचोलीला आमच्या घरी आणायचं.

२२ जाने.
ताई सकाळच्या बसने आली, खोबरेल घेऊन. विहीणबाई बसल्या होत्या. म्हणाल्या, "बाळाला दुसऱ्या कोणी न्हाऊ घातलं तर? उगाच मनात शंका नको." अनघाने माझ्याकडे पाहिलं. वर्गात मी चाळीस मुलांसमोर ठणकावून सांगते, लागट नाही म्हणून. इथे म्हटलं, "ताई, प्रवासाने दमली असशील. आज राहू दे."
तिने बाटली खाली ठेवली. चहा न घेताच गेली.

२३ जाने.
बाळाला मीच न्हाऊ घातलं. पायांवर नीट धरताच येईना. अनघा म्हणाली, "आई, तू बोलायला हवं होतंस." तीही बोलली नव्हती. पण ती ओली बाळंतीण. मी...

६ मार्च
ताईने मलम सोडलं. फोनवर म्हणाली, "कोणासाठी लावू?"

१४ एप्रिल
मनगटं पुन्हा पांढरी. नेमकी त्याच जागी. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, काही राखणदार पेशी कातडीतच मुक्काम ठोकून असतात. मलम थांबलं की पुन्हा सुरू.

२० एप्रिल
हळर्णला एकटीच गेले. काय बोलायचं ते बसमध्ये घोकत. ताई अंगणात. बागायतीत कामाला आलेल्या दोडामार्गच्या एका बाईचं तान्हं तिच्या पायांवर. बाई शेजारीच बसून केस सुकवत होती.
"ताई, त्या दिवशी मी..."
साबण डोळ्यांत जाऊ नये म्हणून तिने बाळाच्या कपाळावर हात आडवा धरला. वर पाहिलं नाही.
"ऊन पाणी सरलां. चुलीवरचां घेवन ये."
आणून दिलं. तिने घेतलं.
संध्याकाळपर्यंत थांबले. जेवलो, बोललो. अनघाच्या मुलाचं नाव काय ठेवलं, ते तिने विचारलं नाही.